कॉन्व्हेंट की जिल्हा परिषद? मुलाला शाळेत घालण्यापूर्वी

उन्हाळा लागला की आमच्या मंडळाच्या सभासदांकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी सहा वर्षांची झाली, आता तिला गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे की कुहीच्या किंवा मांढळच्या कॉन्व्हेंटमध्ये? विचारणाऱ्यांत मिरचीच्या सातऱ्यावर देठ तोडणाऱ्या माता असतात, गवंडीकाम करणारे बाप असतात, धानाच्या रोवणीवर जाणारी जोडपी असतात आणि क्वचित एखादे शिक्षकही असतात. (हे शिक्षक स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात आणि आपले मूल मात्र कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवून देतात, ही गोष्ट गावाच्या नजरेतून सुटत नाही.) प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याच्या पोटात कायदा, पैसा, भाषा आणि पोरीबाळींचे भवितव्य असे सर्व काही आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत त्याची जरा सविस्तर फोड करण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की हा वाद आजचा नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, तेव्हाही हाच मुद्दा होता. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावे आणि ते काम खाजगी मंडळींवर सोपवावे असा विचार त्या काळी बळावत होता. जोतीरावांनी त्यास विरोध केला. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार तर थांबेलच, पण सर्वांना समान लेखण्याचे धोरणही टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणीही त्यांनी केली. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९२७ च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणखर्चावर भाषण केले. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ १८ पोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

स्वतः बाबासाहेब सरकारी शाळेचे विद्यार्थी होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. तेथील रजिस्टरात त्यांचा क्रमांक १९१४ आहे. पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल, तेही सरकारीच. त्या शाळांनी त्यांना वेगळे बसविले, पाण्याला शिवू दिले नाही, हे आपणा सर्वांस माहीत आहे. तरीही त्या शाळेचे दार त्यांना बंद करता आले नाही, कारण ती सरकारची होती. सरकारी शाळेचे मोल आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक का वाटावे, याचे कारण येथे आहे.

पण म्हणून खाजगी शाळा म्हटली की ती परक्याची, असेही मानू नये. आपल्या शेजारच्या उमरेडला १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी कामठी ते नागपूर डोक्यावरून ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. ती खाजगीच शाळा होती. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी हीही खाजगीच संस्था. तेव्हा ‘खाजगी’ या शब्दाला भिऊन चालणार नाही आणि भुलूनही चालणार नाही.

या शब्दाचा नीट उलगडा केला पाहिजे, कारण पुष्कळ पालकांची फसगत येथेच होते. आपल्या भागातील बहुतेक जुनी हायस्कुले खाजगी संस्थांची असली तरी ती अनुदानित आहेत. तेथील शिक्षकांचा पगार शासन देते, फी नाममात्र किंवा मुळीच नसते. दुसरा प्रकार अंशतः अनुदानित. तिसरा विनाअनुदानित आणि चौथा स्वयंअर्थसहाय्यित. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावी ज्या इंग्रजी शाळा भराभर उभ्या राहिल्या त्या बव्हंशी या शेवटल्या प्रकारातील होत. त्यांचा सर्व खर्च पालकांच्या फीमधून निघतो. शिक्षकाचा पगारही त्यातूनच जातो, म्हणून तो अनेक ठिकाणी अत्यल्प असतो आणि चांगला शिक्षक दुसरी नोकरी मिळताच निघून जातो. तेव्हा शाळेत चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न हा की शाळा कोणत्या प्रकारची आहे आणि तिला मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेवाचून शाळा चालविणे हा दंडनीय अपराध आहे. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मान्यतेची माहिती विचारता येते. विचारायला लाजू नये.

आता खर्चाकडे वळू. समजा, एका कॉन्व्हेंटची वर्षाची फी १५,००० रुपये आहे. व्हॅनचे महिन्याला ७०० प्रमाणे दहा महिन्यांचे ७,००० झाले. पुस्तके, वह्या, दोन गणवेश, बूट, टाय आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी मिळून ४,००० धरले, तर एकूण २६,००० रुपये होतात. रोजी ३०० रुपये धरली तर हे ८७ दिवसांचे काम झाले. दोन मुले असली तर १७४ दिवस, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची मजुरी फक्त शाळेत गेली. आणि आपल्याकडे वर्षभर काम कोठे आहे? मिरचीचा हंगाम संपला की सातरे ओस पडतात, रोवणी-कापणीचे दिवस मोजके. हा हिशेब पालकांनी आपापल्या आकड्यांनी घरी कागदावर मांडावा, आणि तो एका वर्षाचा न मांडता दहा वर्षांचा मांडावा. फी दरवर्षी आहे तेथे थांबत नाही. पहिलीची फी पाहून प्रवेश घेतलेल्या घरांना पाचवी-सहावीत जड जाते आणि मग मधेच मूल काढावे लागते. असे एका घरात दोन घरांत नव्हे, संपूर्ण देशात घडते. ग्रामीण भागाच्या ‘असर’ पाहणीत सहा ते चौदा वयाची सरकारी शाळांतील मुले २०१८ साली ६५.६ टक्के होती. करोनाच्या काळात लोकांच्या हातचा पैसा गेला आणि २०२२ साली हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. पैसा असला की खाजगी आणि नसला की सरकारी, अशी ही ये-जा आहे. मुलाच्या अभ्यासाचे या ये-जा करण्यात काय होत असेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

फी न भरता खाजगी शाळेत शिकण्याचा एक मार्ग कायद्याने दिलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. त्यांची फी शासन शाळेला ठराविक दराने परत करते. अनुसूचित जातीची मुले वंचित घटकात येतात. महाराष्ट्रात त्यांना उत्पन्नाची अट नाही, ही बाब पुष्कळ पालकांना ठाऊक नसते आणि ते उगाच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवितात. लागतो तो जातीचा दाखला, जन्माचा दाखला आणि राहण्याचा पुरावा. अर्ज ऑनलाइन भरावयाचा असतो व सोडत निघते. बौद्ध म्हणून ही सवलत मिळते की नाही अशी शंका अजून विचारली जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हा शंकेला जागा नाही.

हा मार्ग आपोआप टिकून राहिलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमात बदल केला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहेच, म्हणजे जवळपास सर्वच खाजगी शाळा सुटल्या. या बदलाविरुद्ध पालक व संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी त्यास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द ठरविला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पण त्या साऱ्या खटाटोपात शाळा सुरू होऊन गेली होती, आणि सोडतीची वाट पाहणाऱ्या मुलांचे ते पहिले वर्ष कसे गेले हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक तर प्रवेशात शाळेजवळ राहणाऱ्यास प्राधान्य असते. कुही किंवा मांढळमध्ये राहणाऱ्यास संधी आहे, पण वेलतूरकडच्या किंवा गोसेखुर्दमुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावांतील पालकांच्या जवळ अशी शाळाच नसते. यावर काही जण खोटा पत्ता दाखवितात. तसे करू नये. पुढे प्रवेश रद्द होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. दुसरे असे की अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे बंधन लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ व २०१४ च्या निकालांत म्हटले. त्यामुळे नावाजलेली मिशनची शाळा या यादीत नसू शकते. (बौद्ध समाज स्वतः १९९३ पासून केंद्राच्या अल्पसंख्याकांच्या यादीत आहे. उद्या आपल्याच एखाद्या संस्थेने असा दर्जा घेऊन शाळा काढली तर तिलाही गरिबाला दार लावून घेण्याची मुभा राहील. संस्थाचालकांनी हे मनात ठेवावे.)

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आहे आणि ती प्रवेशाच्या आनंदात कोणी सांगत नाही. ही मोफत सोय आठव्या वर्गापर्यंतच आहे. नवव्या वर्गात पाऊल टाकले की पूर्ण फी भरावी लागते. चौदा वर्षांचे मूल, इंग्रजी माध्यमात आठ वर्षे काढलेले, मित्रमंडळ तेथलेच, दहावीची परीक्षा दोन वर्षांवर, आणि अशा वेळी शाळा फीचा कागद हातात देते. मग एक तर कर्ज काढा, नाही तर मुलाला मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आणा, जेथे त्याला विज्ञानाचे मराठी शब्द परके वाटतात. तेव्हा २५ टक्क्यांतून प्रवेश मिळाला तर अवश्य घ्यावा, पण त्याच दिवसापासून नवव्या-दहाव्या वर्गासाठी महिन्याला काही रक्कम पोस्टात टाकीत जावी. पहिलीपासून सुरुवात केली तर आठ वर्षे हाताशी असतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत काय आहे? पुस्तके मोफत, दुपारचे जेवण शाळेत, शिक्षक डी.एड. झालेला, आणि गाडीभाडे शून्य. इंग्रजी विषय २००० सालापासून पहिलीपासूनच शिकविला जातो. अनेक शाळांत सेमी इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून. याशिवाय एक फायदा असा की आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुले बसू शकतात. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित कॉन्व्हेंटचा विद्यार्थी कितीही हुशार आणि कितीही गरीब असला तरी त्याला ही परीक्षा देता येत नाही. म्हणजे ज्या नवव्या वर्गात एकाची फी सुरू होते, त्याच वर्गात दुसऱ्याची शिष्यवृत्ती सुरू होऊ शकते. सहावीत नवोदयचा मार्गही आहे. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे असून ग्रामीण मुलांसाठी तेथे निदान ७५ टक्के जागा असतात.

आणि काय नाही? शिक्षक पुरेसे नाहीत. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे लागतात, पण एकच गुरुजी चार वर्ग एका खोलीत घेऊन बसलेले आणि दिवसाचा निम्मा वेळ माहिती भरण्यात घालविणारे आपण पाहतो. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की पालक मूल काढतात, आणि मूल काढले की पट आणखी कमी होतो. २० पेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत असे शासनाने २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार मांडताना सांगितले. अशा शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत नेण्याची ती कल्पना होती. वस्तीतली शाळा बंद झाली की मुलगा सायकलने जाईल, मुलगी मात्र घरी राहील, हे सांगायला तज्ज्ञ नको. मास्तर वाईट म्हणून शाळा बुडतात, हे म्हणणे आम्हास अर्धवट वाटते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तीही शाळा अशीच खेड्यातली होती.

इंग्रजीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पालकांच्या मनात कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे नोकरी असे समीकरण बसले आहे. इंग्रजी आले पाहिजे याबद्दल दुमत नाही, आपल्या समाजाने तर ती भाषा कष्टाने मिळविली आहे. परंतु इंग्रजीतून शिकणे आणि इंग्रजी शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. घरात ती भाषा कोणी बोलत नाही, गृहपाठ पाहणारे कोणी नाही, म्हणून कॉन्व्हेंटच्या मुलाला शिकवणी लावावी लागते. शिकवणीची फी वेगळी. प्रवेशापूर्वी पालकांनी एक साधी परीक्षा करावी. त्या कॉन्व्हेंटच्या चौथीतील ओळखीच्या मुलाला घरी बोलवावे, त्याला न पाहिलेला इंग्रजीचा परिच्छेद वाचावयास द्यावा आणि त्यात काय सांगितले आहे ते मराठीत विचारावे. जिल्हा परिषदेच्या चौथीतील मुलाला मराठीचा उतारा आणि एक भागाकार द्यावा. इमारतीच्या रंगापेक्षा यातून अधिक कळेल. कविता पाठ म्हणून दाखविली म्हणजे इंग्रजी आले, असे समजू नये.

एक गोष्ट आम्हास फार खटकते. पुष्कळ घरांत मुलगा कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतो आणि त्याची बहीण चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. विचारले तर उत्तर येते, ‘दोघांचे झेपत नाही जी.’ झेपत नसेल तर दोघांनाही गावच्या शाळेत घाला आणि वाचलेल्या पैशातून दोघांना चांगली पुस्तके द्या, एक टेबल द्या, रात्री दोन तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. जाईबाईंनी डोक्यावरची ओझी उतरवून मुलींची शाळा काढली, तिला आता शंभर वर्षे होऊन गेली, आणि आपण अजून मुलगी म्हणून फी वाचवितो. या बाबतीत आमचे मत ठाम आहे, कोणास राग आला तरी हरकत नाही.

विद्यार्थ्यांना उपयोगी अशी आणखी एक बाब. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. बहुतेक घरांत तो पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या जुन्या प्राथमिक शाळेतील दाखलखारीज रजिस्टराचा उतारा होय. ती शाळा सरकारी होती आणि रजिस्टर जपून ठेवले गेले, म्हणून आज नातवाला इंजिनिअरिंगचा प्रवेश टिकविता येतो. मूल कोणत्याही शाळेत घाला, पण प्रवेशाच्या दिवशी नाव, जन्मतारीख, धर्म व जात या नोंदी समोर बसून वाचून घ्या. काही ठिकाणी जातीचा रकाना कोराच सोडतात, काही ठिकाणी धर्म चुकीचा लिहितात. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती अत्यंत कठीण जाते.

आमचा सल्ला विचाराल तर असा. गावच्या शाळेत दोन शिक्षक असतील आणि मुले वाचत असतील, तर पहिली चार वर्षे तेथेच काढावीत. एकच शिक्षक असेल तर गाव सोडण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीत शिरावे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. सातऱ्यावर जाणाऱ्या बाईलाही तेथे बसून शिक्षक का नाही हे विचारण्याचा आणि तसा ठराव पंचायत समितीकडे पाठविण्याचा अधिकार आहे. ठरावाने शिक्षक लगेच मिळतो असे नाही, पण ठरावाशिवाय तर मुळीच मिळत नाही. आपल्यातील पगारदार मंडळींनी याच कामी पुढे यावे, कारण अर्ज लिहिणे त्यांना जमते आणि त्यांचीच मुले आज त्या शाळेत नाहीत.

शेवटी, ज्यांची मुले आधीच कॉन्व्हेंटमध्ये आहेत व फी थकल्यामुळे अडली आहेत त्यांच्यासाठी. फी थकली म्हणून शाळा टी.सी. देत नाही आणि टी.सी. नाही म्हणून मूल घरी बसून आहे, अशी प्रकरणे दरवर्षी आमच्याकडे येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठव्या वर्गापर्यंतच्या मुलाला शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि टी.सी. मिळण्यास उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्षाचा कोणताही महिना असो, मुलाला सोबत घेऊन गावच्या मुख्याध्यापकांकडे जावे, लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. थकलेल्या फीचा प्रश्न नंतर सुटेल. मूल मात्र दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसले पाहिजे.